आपल्याच माथ्यावरचे पाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कोलकाता येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी तापासारख्या विषयावर बोलण्यास उभे राहणे हा थोडासा औचित्यभंग आहे, याची मला जाणीव आहे. कार्यवाहांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा ‘बंगालमधील मराठी माणूस’ असा काही विषय मी घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु तो विषय बर्गींच्या स्वाऱ्यांपासून सुरू होतो आणि रसगुल्ल्यापाशी संपतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे. मी व्यवसायाने डॉक्टर. चाळीसहून अधिक वर्षे या शहरात नाड्या पाहिल्या. म्हणून मलेरियाविषयी, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत हिवतापाविषयी बोलतो. त्यातही रोग कसा बरा करावा यापेक्षा तो घरात कसा येतो आणि शेजाऱ्यांनी मिळून त्याला कसा अडवावा, एवढेच सांगणार आहे.

या विषयावर बोलण्यास कोलकात्याइतके योग्य स्थळ दुसरे नाही. रोनाल्ड रॉस यांना मलेरियाचे जंतू डासाच्या जठराच्या भिंतीत प्रथम दिसले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेस. पण गोष्ट तिथे अर्धीच राहिली होती. जठरातले जंतू पुढे जातात कोठे आणि दुसऱ्या प्राण्याच्या रक्तात शिरतात कसे, हा उलगडा त्यांनी १८९८ साली याच शहरात, पक्ष्यांच्या मलेरियाचा अभ्यास करून केला. डासाच्या लालापिंडांत त्यांना जंतू सापडले, आणि दूषित हवा, दलदलीची वाफ, रात्रीचे दव हे सारे जुने आरोपी निर्दोष सुटले. आज ज्याला आपण एस.एस.के.एम. रुग्णालय म्हणतो, त्या जुन्या पी.जी. इस्पितळाच्या आवारभिंतीत रॉस यांचे स्मारक आहे. १९२७ साली त्याचे अनावरण झाले तेव्हा स्वतः रॉस उपस्थित होते. आपल्यापैकी किती जणांनी तो लेख थांबून वाचला आहे? मी स्वतः त्या रस्त्याने अकरा वर्षे जात-येत होतो, आणि वाचला तो बाराव्या वर्षी, बस बंद पडली म्हणून.

रॉस यांच्या शोधातला एक भाग लोकांच्या मनात अजून नीट उतरलेला नाही. डास मलेरिया घेऊन जन्माला येत नाही. अनॉफिलिस जातीची मादी प्रथम एखाद्या मलेरियाच्या रुग्णाला चावते. त्याच्या रक्तातले जंतू तिच्या शरीरात साधारण दहा ते चौदा दिवस वाढतात, आणि त्यानंतर ती ज्याला चावेल त्याला रोग देते. म्हणजे रोग फैलावण्यास दोन गोष्टी लागतात: डासाला जन्म घेण्यापुरते पाणी, आणि जवळपास उपचाराविना राहिलेला एक रुग्ण. पैकी पाण्याविषयी आपण थोडेफार बोलतो. दुसऱ्या गोष्टीविषयी सहसा बोलत नाही. तिच्याकडे मी पुढे येईन.

आता पाणी कोणते? ‘डास’ म्हटले की आपले बोट गटाराकडे जाते. गटारात डास होतात हे खरे. पण ते बहुतेक क्युलेक्स जातीचे. शहरात मलेरिया पसरवणारा जो डास आहे, त्याचे नाव अनॉफिलिस स्टिफेन्साय. त्याला स्वच्छ, स्थिर पाणी आवडते: गच्चीवरची टाकी, तळमजल्यावरचा हौद, न वापरलेली विहीर, कारंजे, नव्या इमारतीच्या लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्यात साठलेले पाणी. आपण पितो ते पाणी त्यालाही मानवते, असे म्हणण्यास हरकत नाही. आपल्या देशातल्या शहरांत मुरलेला हा डास २०१२ साली आफ्रिकेत जिबूतीस प्रथम आढळला, आणि तेव्हापासून तिकडच्या शहरांनाही त्याची धास्ती पडली आहे.

ही माहिती मला १९९५ साली नव्हती असे नाही. ती पुस्तकातून होती. त्या वर्षी काय झाले ते सांगतो. मंडळातल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल.

१९९०च्या दशकात कोलकात्यात मलेरियाने पुन्हा डोके वर काढले होते. दक्षिण कोलकात्यातील आमच्या पाच मजली इमारतीत एका मराठी कुटुंबाकडे सांगलीकडचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी राहत होता. आवाज खणखणीत होता, आणि कोजागिरीला मंडळात बसवायच्या नाटकात त्याला मोठी भूमिका मिळाली होती. दुर्गापूजेच्या षष्ठीला त्याला थंडी वाजून ताप आला. काकूंनी मला बोलावले. मी पाहिले, घसा लाल दिसला, तालमीत ओरडून झाला असेल म्हणालो, तापाची गोळी दिली. सप्तमीला ताप उतरला आणि संध्याकाळी पुन्हा चढला. रक्त तपासावे असे माझ्या मनात आले होते. पण पूजेचे दिवस, प्रयोगशाळा बंद, रस्ते गर्दीने तुंबलेले. उद्या पाहू, असे मी म्हटले. नवमीच्या दुपारी तो असंबद्ध बोलू लागला. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तात फाल्सिपेरमचे जंतू इतके होते की काच पाहणाऱ्या तरुण डॉक्टरने मान वर करून माझ्याकडे नुसते पाहिले. त्याच्या मेंदूपर्यंत रोग पोचला होता. दशमीच्या रात्री, बाहेर विसर्जनाचे ढाक वाजत असताना तो गेला. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी गाडीने हावड्यास उतरले. त्यांना आणायला मी गेलो होतो.

त्या वर्षीची कोजागिरी झाली नाही.

पंधरवड्याने महापालिकेचे लोक इमारतीत आले आणि गच्चीवर गेले. त्यांच्यामागून मीही गेलो. आमच्या टाकीचे झाकण तुटलेले होते आणि त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून दगड मांडला होता. त्या माणसाने कडीच्या डावाने पाणी घेऊन माझ्यापुढे धरले. पाण्याच्या पृष्ठभागाशी आडव्या, काडीसारख्या अळ्या पडून होत्या. इतर डासांच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबतात. अनॉफिलिसच्या अशा सपाट पडून राहतात. ते पाणी मी रोज पीत होतो. आणि त्या वर्षीच्या जून महिन्यातल्या इमारत समितीच्या सभेचे इतिवृत्त मी नंतर काढून पाहिले. झाकण बदलण्याचा विषय आला होता. ‘पावसाळ्यानंतर विचार करावा’ असा ठराव होता आणि खाली सह्या होत्या. तिसरी सही माझी होती.

हे मी आज आत्मताडनासाठी सांगत नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्याचा काळ माझा मला पुरा झाला आहे. सांगतो ते अशासाठी, की तुमच्याही इमारतीच्या इतिवृत्तात असे एखादे वाक्य असेल.

त्यानंतर आम्ही शेजारी मिळून काही करू लागलो. त्याआधी इतरांनी काय केले ते मी शोधले, तेव्हा कळले की आमची अडचण मुळीच नवी नव्हती. १९०९च्या सुमारास मुंबईत कोटभागात मलेरियाने कहर केला होता. डॉ. बेंटली यांना त्याच्या तपासासाठी नेमले गेले, आणि १९११च्या अहवालात त्यांनी दोष दिला तो घरोघरीच्या विहिरींना. डास तोच, स्टिफेन्साय. उपाय सरळ होता: विहिरी बुजवा. पण लोक संतापले. विहिरीचे पाणी म्हणजे कोणाचा धर्म, कोणाचे नवस, कोणाच्या पूर्वजांची आठवण. पारशी मंडळींचे म्हणणे असे की धर्मकृत्याच्या पाण्याला सूर्यप्रकाशाचा स्पर्श हवा. अखेर अनेक ठिकाणी तडजोड निघाली ती अशी: विहीर घट्ट झाकायची, आणि पाणी काढण्यापुरते बारीक तारेच्या जाळीचे दार ठेवायचे. ऊन आत जाते, डास जात नाही. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. अर्थात झाकण बसवले म्हणजे काम संपले असे नाही. १९२८ साली कॉव्हेल यांना मुंबईच्या मलेरियाची नव्याने पाहणी करावी लागली, यावरून काय ते समजावे.

हेच बेंटली पुढे बंगालमध्ये आरोग्य खात्याचे प्रमुख झाले. १९२५ साली त्यांनी बंगालची शेती आणि मलेरिया यांवर ग्रंथ लिहिला. रेल्वेचे आणि रस्त्यांचे बांध घातल्यामुळे नद्यांचे पुराचे पाणी शेतांवर पसरेनासे झाले आणि त्यातून मलेरिया वाढला, असा त्यांचा सिद्धांत होता. पाण्याचा निचरा अडल्यामुळे ताप वाढतो असे राजा दिगंबर मित्र यांनी १८६०च्या दशकातच, बरद्वानच्या तापाच्या चौकशीच्या वेळी सांगितले होते. त्या तापात मलेरिया किती आणि काळा आजार किती याबद्दल पुढे मतभेद झाले. पण गावेच्या गावे ओस पडली यात वाद नाही. शरद्बाबूंच्या कादंबऱ्या आपल्याकडे मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या. त्यांतली ती हिवतापाने पिवळी पडलेली, प्लीहा वाढलेली खेडी कल्पनेतली नव्हती.

परंतु मला सर्वांत जवळची वाटली ती पाणिहाटीची हकीकत. पाणिहाटी इथून दूर नाही. हुगळीच्या काठी, सोदपूरजवळ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास डॉ. गोपालचंद्र चट्टोपाध्याय यांनी तिथे मलेरियाविरोधी सहकारी सोसायटी काढली. सहकारी म्हणजे अक्षरशः सहकारी: गावकऱ्यांनी वर्गणी द्यायची, आपल्यातूनच समिती निवडायची, डबकी बुजवायची, झाडोरा तोडायचा, साचलेल्या पाण्यावर रॉकेल शिंपडायचे आणि कोयनेल वाटायचे. पुढे अशा सोसायट्या बंगालभर निघाल्या आणि त्यांची मध्यवर्ती संस्था कोलकात्यात झाली. रवींद्रनाथांनी १९२०च्या दशकात या संस्थेच्या सभेत भाषण केले होते. सरकारकडे मागणी करायची नाही असे काही त्यात नव्हते. पण सरकार येईपर्यंत डबके थांबत नाही, एवढे त्या लोकांना उमगले होते. या सोसायट्यांनी मलेरिया बंगालमधून घालवला असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ सोसायट्या पहिला उत्साह ओसरताच थंडावल्या. आपल्या मंडळांच्या उपसमित्यांचा अनुभव असणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

देशाच्या पातळीवरही हेच घडले. स्वातंत्र्याच्या सुमारास दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घराघरांत डी.डी.टी.चे फवारे मारले गेले, आणि १९६५ साली रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास उतरली. रोग गेला असे समजून सारे सैलावले. डासही डी.डी.टी.ला सरावले. १९७६ साली रुग्ण ६४ लाख झाले. अलीकडे पुन्हा पुष्कळ सुधारणा झाली आहे. २०१५ साली देशात सुमारे ११ लाख ७० हजार रुग्ण नोंदले गेले होते, ते २०२१ साली १ लाख ६२ हजारांवर आले. २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करण्याचे उद्दिष्ट आहे. पण २०२३ साली नोंद पुन्हा सव्वादोन लाखांच्या वर गेली, म्हणून मी १९६५ ची आठवण करून देतो.

आता आमच्या इमारतीकडे परत येतो. नोव्हेंबर १९९५ पासून आम्ही दर रविवारी सकाळी आठ वाजता गच्चीवर जाऊ लागलो. रविवारच का, तर उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. सात दिवसांत एकदा पाणी उपसले किंवा पाहिले, तर साखळी तुटते. प्रथम टाकीला घट्ट बसणारे, कडीचे झाकण केले आणि हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधली. मग लोखंडी शिडी पक्की बसवली. या शिडीचे महत्त्व मला फार वाटते. मुंबईत महापालिका टाकीला शिडी हवीच असा आग्रह धरत आली आहे, आणि तो योग्य आहे. ज्या टाकीवर चढता येत नाही तिच्यात कोणी डोकावत नाही.

टाकी सोपी होती. माणसे अवघड गेली. चौथ्या मजल्यावर एक वृद्ध बंगाली विधवाबाई होत्या. सारी इमारत त्यांना ठाकुमा म्हणे. त्यांच्या देवघरात गंगाजलाचे पाच मोठे पितळी घडे उघडे असत. आमच्यातल्या एका उत्साही तरुणाने ते ओतून टाकण्याची भाषा केली. त्यानंतर दोन महिने त्यांचे दार आम्हांला बंद झाले. शेवटी माझी पत्नी एकटी गेली. सोबत तिने धुवट मलमलीचे पाच चौकोन नेले होते, कडेने शिवलेले. देवाच्या पाण्यात कीड पडू नये म्हणून हे झाकण, असे ती म्हणाली. ठाकुमांनी ते ठेवून घेतले, आणि पुढच्या रविवारपासून आम्ही वर जाताना त्या स्वतः दारात उभ्या राहू लागल्या. दुसऱ्या मजल्यावरचे मारवाडी गृहस्थ पक्ष्यांसाठी पाण्याची परळे ठेवत. ती बंद करा असे आम्ही म्हटले नाही. रोज सकाळी पाणी बदलण्याचे काम त्यांच्या नातवाला दिले. मुंबईच्या त्या जाळीच्या दाराचा धडा आम्हांला असा घरातच गिरवायला मिळाला.

आता ती दुसरी गोष्ट, उपचाराविना राहिलेल्या रुग्णाची. १९९७ साली आमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झाले. मालदा-मुर्शिदाबादकडचे वीस-पंचवीस मजूर तिथेच ताडपत्रीखाली राहत. स्लॅबवर पाणी साठवलेले, लिफ्टच्या खड्ड्यात कमरेइतके पाणी. आमच्या सभेत पहिली प्रतिक्रिया उमटली ती अशी की ‘हे लोक रोग आणतात’. खरी गोष्ट अशी की त्यांना रोग होतो, आणि आपल्याआधी होतो, कारण पाण्याजवळ, मच्छरदाणीविना तेच झोपतात. त्यांच्यातला एक गवंडी दिवसाआड थंडीने कुडकुडत काम करी. रक्त तपासायला चल म्हटले तर येईना. दवाखान्यात अर्धा दिवस जाई आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. आमच्या समितीने असा ठराव केला की ज्याला ताप असेल आणि जो रक्त देऊन येईल, त्याची त्या दिवसाची मजुरी इमारतीच्या निधीतून द्यावी. ठरावावर बरीच कटकट झाली. दिवाळीच्या रोषणाईचे पैसे त्यात गेले. पण त्या महिन्यात सात जणांचे रक्त तपासले गेले आणि तिघांत मलेरिया निघाला.

त्या गवंड्याला व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया होता. या जातीचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. म्हणून ताप उतरल्यावरही डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. गरोदर स्त्रियांना त्या देत नाहीत, आणि काही जणांच्या रक्तातील विशिष्ट दोषामुळे त्या धोक्याच्या ठरतात, तेव्हा हे औषध मनाने घेऊ नये. आमचा गवंडी चौथ्या दिवशी गोळ्या बंद करून गावी गेला आणि फाल्गुनात पुन्हा कुडकुडत परत आला. दुसऱ्या खेपेस इमारतीच्या दरवानाने रोज सकाळी त्याला हाक मारून, समोर उभे करून चौदा दिवस गोळी गिळायला लावली. वैद्यकीय महाविद्यालयात मला हे कोणी शिकवले नव्हते.

कंत्राटदाराने लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी उपसायला दीड महिना लावला. त्याला आम्ही अर्ज केले, विनंत्या केल्या. शेवटी ठाकुमा स्वतः काठी टेकत तिथे गेल्या, आणि पंप लागेपर्यंत खड्ड्याच्या कडेला मोडा टाकून बसून राहिल्या.

इतके करूनही मलेरिया आमच्या इमारतीत पुन्हा आला नाही असे मी म्हणणार नाही. २००० साली दोघांना झाला. पण दोघांचेही रक्त तापाच्या पहिल्याच दिवशी तपासले गेले होते. आता तर महापालिकेच्या प्रभागातल्या दवाखान्यात ही तपासणी विनामूल्य होते. तरीही लोक धुराच्या यंत्राची मागणी करतात. धूर दिसतो, त्याचा आवाज होतो, नगरसेवकाचे छायाचित्र निघते. त्याने काही उडते डास मरतात. टाकीतली अळी मजेत राहते.

मराठी मुलखाचा विचार केला तर गडचिरोलीच्या जंगलातला मलेरिया वेगळा आहे. तिथले डास वेगळे, पाणी वेगळे. तिथे औषध भारलेली मच्छरदाणी आणि गावातच रक्त तपासणारी आशाताई हीच मोठी साधने आहेत. आपल्याला इथे तेवढे कष्ट नाहीत. आपल्याला एक जिना चढायचा आहे.

बोलण्याच्या ओघात एक गोष्ट राहिली. या मंडळाच्या अतिथिगृहात वर्षभर गावाकडून माणसे येतात: कोणी उपचारासाठी, कोणी परीक्षेसाठी, कोणी गंगासागरला. ती आपल्या भरवशावर इथे झोपतात. आज सकाळी कार्यवाहांच्या परवानगीने मी या वास्तूच्या गच्चीवर गेलो होतो. मोठ्या टाकीचे झाकण उत्तम आहे. धाकट्या टाकीची जाळी फाटली आहे, आणि मांडवाच्या मागे सजावटीसाठी आणलेल्या मातीच्या कुंड्यांत पाणी आहे. कुंड्या मी उपड्या केल्या. जाळी उद्या बसवायची आहे. शिडी कार्यालयाच्या मागे आहे, आणि येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी इथे येणार आहे. माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, तेव्हा वर चढण्यास एक-दोन तरुण मंडळी आली तर बरे होईल.